आधी वाट मोकळी करा

वर्षावास सुरू होऊन आठवडाच झाला होता. आमच्या विहारात त्या काळात रोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. नरखेड तालुक्यात जलालखेड्याकडे आमचे लहानसे गाव. संत्र्याच्या बगिच्यात मजुरी करून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरे पातळ नेसून विहारात येतात. त्या दिवशी वाचन सुरू असतानाच सिलिंगातून जळका वास आला, पंखा थांबला आणि काळोख झाला. उरलेले पान आम्ही मोबाईलच्या उजेडात वाचले.

दुसऱ्या दिवशी पाहिले तर सगळी वायरिंग जुनी, ॲल्युमिनियमची. उंदरांनी वरचे आवरण कुरतडलेले. अर्थिंग तर नव्हतेच. वायरिंग नवी करणे भाग होते. पण सारे पाईप सिलिंगच्या वर. वर टिनाचे छप्पर, खाली प्लायवूड, आणि मधली जागा भिंतीजवळ जेमतेम दीड फूट. वर जायला झरोक्यासारखे एक भोक तेवढे होते.

समितीची बैठक बसली. एकजण म्हणाले, “त्या आठवीतल्या पोट्ट्याले घुसवा. बारीक आहे, सापासारखा जाईन.” सगळे हसले. मी समितीचा सचिव. मीही मान डोलावली. सिलिंग कापले तर खर्च वाढेल, हाच हिशेब माझ्या डोक्यात होता.

माझा भाचा आयटीआय करून काही वर्षे गोव्यात शिडाच्या बोटींच्या दुरुस्तीवर होता. तो उठून म्हणाला, “मामाजी, पोराले वर पाठवाचं नाही. टिन तापलेलं, अंधार, उघड्या वायरी. काही झालं तर त्याले बाहेर कसं काढसान?”

मग त्याने बोटीचे काम समजावून सांगितले. नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची बोट गोव्यातच बांधली गेली. 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून जगप्रदक्षिणा केली. लांबी अवघी 55 फूट. अशा बोटीत वायरी फळ्यांच्या मागून आणि झोपायच्या बाकाखालून जातात. तिथे हात शिरायलाही जागा नसते. म्हणून पुष्कळ फळ्या स्क्रूने बसवतात, की वेळ आली तर उघडता याव्यात. “आधी वाट करायची, मग माणूस घालायचा,” भाचा म्हणाला.

कुरकुर झालीच. दानातून झालेले सिलिंग कापायचे कसे? तेव्हा मागे बसलेली एक आजी बोलली, “सिलिंग मंग बी बसवता येते. पोट्टं कोठून आणसान?” बैठक तिथेच संपली.

रात्री मला झोप लागली नाही. गटाराच्या मॅनहोलमध्ये पिढ्यानपिढ्या कोणाची माणसे उतरवली गेली, हे आपणांस सांगायला नको. 2013 मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. मी सभांतून यावर तावातावाने बोलतो. आणि आपल्याच विहारात, पैसे वाचवायला, आपलेच लेकरू अडचणीच्या जागी कोंबायला निघालो होतो!

पुढच्या रविवारी सिलिंगला दोन ठिकाणी दोन-दोन फुटांची झाकणे केली, स्क्रूने उघडणारी. वर वजन पेलणाऱ्या आडव्या लाकडांवर फळ्या टाकल्या. मेन स्विच बंद करून फ्यूज काढले आणि भाच्याने ते स्वतःच्या खिशात ठेवले. टेस्टरने प्रत्येक वायर तपासली. टिन तापण्याआधी, सकाळीच तो वर गेला. खाली एक माणूस सतत उभा. जुन्या वायरीच्या टोकाला नवी तांब्याची वायर आणि एक नायलॉनची दोरी बांधून खालून ओढली. ओढणारा होता तोच आठवीतला मुलगा. अर्थिंग केले, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वीज कुठे गळू लागली, तर तो क्षणात पुरवठा तोडतो.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज हा विषयही त्यांच्याकडेच होता. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच काळात. कामगाराचा जीव आणि देशाची वीज, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. आम्ही मात्र विजेपायी जीव विसरलो होतो.

काम संपल्यावर भाच्याने ती दोरी पाईपातच राहू दिली. मी विचारले, तर म्हणाला, “पुढं कोणाले नवीन वायर टाकाची असली, तर त्याले सोपं जाईन.”

बांधवांनो, आपल्या विहारातील वायरिंग एकदा तपासून घ्या. पण वर कोणाला पाठवण्याआधी वाट मोकळी करा.

जयभीम!