आंबोलीच्या पाचोळ्याखाली

सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीस येणाऱ्या बहुतेकांची दृष्टी धबधब्याकडे असते. आपल्यासोबत गुडघे दुखणारे कोणी वडीलधारे असेल, तर मात्र मी आपणांस हिरण्यकेशीच्या उगमाकडे झाडीतून जाणारी वाट सुचवीन. भाद्रपदाच्या अखेरीस, पावसाचा जोर ओसरल्यावर, माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन मी तेथे गेले होते. वडिलांना जाऊन आठ महिने झाले होते आणि आई उंबऱ्याबाहेर पडेनाशी झाली होती. काठी टेकीत, दर दहा पावलांवर थांबत ती चालत होती. सावकाश चालणाऱ्याची नजर जमिनीवर राहते, हा त्या दिवशीचा लाभ.

वाटेलगत एक जुने खोड आडवे पडले होते. आईने सहज काठीचे टोक टेकविले, तर ते भिजल्या भाकरीत जावे तसे आत गेले. लाकूड पांढुरके, तंतुमय झाले होते. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य पुरतेपणी फोडण्याचे कसब प्रामुख्याने बुरशीकडे आहे. वारूळ बांधणारी आपल्याकडील वाळवीदेखील त्यासाठी वारुळात बुरशीची बाग राखते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी हे त्या बागेचेच पीक.

आता आपण पायाखाली पाहा. येथील दगड जांभा, आणि पाऊस वर्षाकाठी सातशे सेंटीमीटरच्या आसपास. एवढे पाणी मातीतील क्षार धुऊन नेते. मग अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडे एवढी हिरवीगार कशावर राहतात? अशा अरण्यांचे धन बव्हंशी जिवंत झाडांत आणि गळलेल्या पाचोळ्यात असते. ते वाहून जाण्यापूर्वी पुन्हा मुळांपर्यंत पोहोचविणे, हे बुरशीचे काम. तिचे तंतू केसाहूनही कितीतरी बारीक. मुळे जेथे शिरू शकत नाहीत तेथे ते शिरतात, झाडाला फॉस्फरस आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. व्हेनेझुएलातील सान कार्लोस येथील पर्जन्यवनात १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मुळे आणि बुरशी यांच्या दाट थरावर किरणोत्सारी फॉस्फरस व कॅल्शियम शिंपडण्यात आले. त्यातील जेमतेम ०.१ टक्का खाली झिरपला. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातही इतके कमी वाया जात असेल असे मला वाटत नाही.

उतारावरचा पाचोळा आईने उचलून पाहिला. एक पान हाती येईना. सात-आठ पाने एकमेकांना धरून वर आली. घोड्याच्या शेपटीच्या केसासारखे काळे, चिवट दोरे त्यांतून गेले होते. "कुणी पत्रावळ लावून ठेवलीय गं!" आई म्हणाली. लहानपणी तिने लग्नकार्यांसाठी पत्रावळी लावल्या आहेत. टाका कोठे घट्ट, कोठे सैल, हे तिने बोट फिरवून पाहिले. हे दोरेही बुरशीचेच. प्वेर्तो रिकोच्या पर्जन्यवनात अभ्यासकांना दिसले, की अशा गुंफणीमुळे उतारावरची पाने पावसाच्या लोंढ्यात वाहून जात नाहीत.

आपण जाल तेव्हा दोन-तीन गोष्टी सांभाळा. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. वृद्धांचा हात धरून चाला. जळवा असतात, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास त्यांच्या चाव्यातून रक्त बराच वेळ वाहते, म्हणून लांब मोजे घाला. दमा असणाऱ्यांनी कुजके लाकूड उकरू नये. आणि रानातील अळंबी तोडून घरी आणू नका. चांदीचे नाणे काळे पडले नाही, लसूण रंगला नाही, म्हणून अळंबी निर्विष ठरत नाही. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब खाल्ल्यानंतर सहा तासांनी वा त्याहूनही उशिरा सुरू झाले, तर मध्येच बरे वाटले तरी थांबू नका, रुग्णालय गाठा. त्या अवधीत यकृताची हानी चालू असते.

परतताना टपरीवर आम्ही चहा घेतला. साखर कमी आहे, दूध पाणचट आहे, असे आई दोनदा म्हणाली. आठ महिन्यांनी ती कशाबद्दल तरी तक्रार करीत होती. मी टपरीवाल्याकडून आणखी साखर मागून घेतली.