ओट्याची उंची कोणी ठरवली?

सिडकोत राहणाऱ्या मैत्रिणींनो, आपल्या रो-हाऊसचं मूळ शोधत गेलं तर एक बाई सापडते, हे ठाऊक आहे का तुम्हांला?

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे नेऊन तिथं नवं शहर वसवावं, ही योजना १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात छापून आली. मांडणारे तिघं: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. हेच शहर उभारायला १९७० साली सिडको निघाली, आणि तीच पुढे आपल्या संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत आली. एन-पाच, एन-सात हे पत्ते आपण रोज सांगतो ना, ते तिचेच. कोरियांचं नाव बऱ्याच जणांना ठाऊक असतं. प्रवीणाबाईंचं मात्र मी पन्नाशी उलटल्यावर ऐकलं, तेही आर्किटेक्चर शिकणाऱ्या भाचीकडून. स्वातंत्र्यचळवळीसाठी या बाईंनी जे. जे. मधलं शिक्षण मध्येच सोडलं होतं. पुढे शिकागोला जाऊन त्या शिकल्या.

त्याच जे. जे. मधून १९३६ साली पेरीन मिस्त्री आर्किटेक्ट होऊन बाहेर पडल्या. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री-आर्किटेक्ट म्हणून त्यांचंच नाव घेतात. वडीलही त्याच व्यवसायातले, त्यांच्या फर्ममध्ये त्या पुढे भागीदार झाल्या. घरातून पाठबळ असलं की किती फरक पडतो पाहा!

पण मला सगळ्यांत आवडली ती व्हिएन्नाची मार्गारेट शूटे-लिहोत्स्की. १९२६ साली तिनं जर्मनीतल्या फ्रँकफुर्टसाठी स्वयंपाकघर आखलं, जेमतेम सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. बाईची पावलं किती पडतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे मोजून मग ओटा, फडताळं, खिडकी यांच्या जागा ठरवल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथं झाली. गंमत म्हणजे, तोवर आपण स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, असं तिनंच पुढे सांगून टाकलं! पण ती मोजत तरी होती.

आमच्याकडे कोण मोजतं? मागच्या वर्षी घर वाढवायचं निघालं. कंत्राटदारानं नकाशा आमच्या ह्यांच्यापुढे पसरला. चहा ठेवता ठेवता पाहते तर स्वयंपाकघर पार घराच्या पोटात, एकसुद्धा खिडकी नाही. आपल्याकडचा मे महिना, दोन्ही शेगड्या पेटलेल्या... मी म्हटलं, "इथं एकदा तुम्ही पोळ्या करून दाखवा." कंत्राटदार हसला, हे रागावले. आठ दिवस अबोला! शेवटी हॉल दोन फुटांनी लहान झाला आणि मला पूर्वेची खिडकी मिळाली. पाहुण्यांना हॉल अरुंद वाटतो म्हणे. वाटू दे.

तुमच्याकडे गवंडी यायचा असेल तर आधी एक करा. चप्पल काढून सरळ उभ्या राहा, कोपर दुमडा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपनं मोजा. त्यातून चार इंच वजा करा. साधारण तेवढा ओटा असला की कणीक मळताना खांदे भरून येत नाहीत. आकडा भिंतीवर खडूनं मोठा लिहून ठेवा, कडाप्पा बसेपर्यंत पुसू देऊ नका.