वाँटेजच्या रमाबाई

मुलांनो, नवं गाव म्हटलं की पोटात गोळा येतो ना? चला, इंग्लंडमधल्या वाँटेजला जाऊ. बाजारचौकात आल्फ्रेड राजाचा १८७७ सालचा पुतळा आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इथल्या ख्रिस्ती सिस्टर्सकडे राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाकाहार मात्र सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरंच कशाला? आपली संस्कृत काय कमी आहे, असा त्यांचा सवाल! पुढं चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकल्या, शिवाय संस्कृत शिकवलंही. देवानं दिलेली आपली भाषा त्यांनी परक्या मुलखातही लपवली नाही. तुम्हीही नव्या वर्गात आपलं नाव मोठ्यानं सांगा, बरं का!