राजूर घाटातला निवाडा

बुलढाण्याला जायचे म्हणजे मलकापूर स्टेशनवर उतरायचे, मोताळा मागे टाकायचे आणि राजूरच्या घाटाने वर चढायचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या या गावाला आगगाडी नाही. या खेपेस ताई आणि भाऊजी मला न्यायला आले ते जुनी मारुती ओम्नी घेऊन. भाच्याने नुकतीच बोलेरो घेतलेली. घरात वाद एकच: व्हॅन विकायची की ठेवायची? ‘मामा, निकाल तुम्हीच द्या,’ असे भाच्याने आधीच कळवले होते.

ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन थेट पुढच्या बैठकीखाली. घाट लागला तशी आसनाला ऊब चढू लागली. भाऊजींनी दुसरा गिअर टाकला तो माथ्यापर्यंत सोडला नाही. पण आखूड वळणावर गाडी भिंगरीसारखी फिरे. रस्त्यातला खडान् खडा मणक्याला कळत होता. म्हणूनच की काय, भाऊजी जपून हाकत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच घाटात बोलेरो. सिलिंडर तिलाही तीनच; पण डिझेल इंजिन १४९३ सीसीचे, ताकद ओम्नीच्या दुपटीची. चढ तिने हसत खेळत पार केला. वळणावर मात्र तिचा उंच देह बाहेर कलतो, आणि खड्डे जाणवत नाहीत म्हणून वेग नकळत वाढतो. ‘गाडी बळकट झाली, पण दरी होती तेवढीच खोल आहे रे!’ मी म्हणालो. भाच्याने मुकाट्याने गिअर उतरवला.

तरीही न्यायाला धरून बोलायला हवे. ओम्नीला पुढे नाक नाही. धडक बसली तर आधी आपले गुडघे. एअरबॅगही नाही. १९८४ साली आलेली ही गाडी सुरक्षेच्या नव्या नियमांपुढे २०१९ साली बंद झाली, ते उगीच नव्हे. मी बोलेरोच्या बाजूने कौल दिला.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेली ताई म्हणाली, ‘व्हॅनमध्ये मी उंबरा ओलांडावा तशी शिरते. या तुमच्या माडीवर मला कोण चढवणार?’ तिच्या दुखऱ्या गुडघ्यांचा विचार आम्हा तिघांपैकी एकानेही केला नव्हता.

मग निकाल दुरुस्त केला: घाटात बोलेरो, दवाखाना आणि आठवडी बाजार यांपुरती व्हॅन घरीच राहील.

परतीच्या दिवशी बोलेरो दारात उभी राहिली. भाऊजी आतून लाकडी पाट घेऊन आले आणि काही न बोलता त्यांनी तो ताईच्या पायापाशी मांडला.