एक घर, पाच मालक आणि लिनोचा तुकडा

रात्री नऊला ऑफिसातून घरी आल्यावर हा कुठला नवा छंद, असं तुम्ही म्हणाल. पण मंडळी, चित्र काढणं वेगळं आणि चित्र छापणं वेगळं! एकदा ठसा तयार झाला की हव्या तेवढ्या प्रती काढा. मला मात्र नेमक्या पाचच हव्या होत्या.

त्याचं कारण माझ्या गावी, हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा इथं. (हट्ट्याची मुलगी, म्हणजे हट्ट आलाच!) गेल्या वर्षी तिथल्या आमच्या घराची वाटणी झाली. बाबा, तीन काका आणि आत्या, असे पाच हिस्से. कुणाला ओसरी, कुणाला परसातली जागा, कुणाला रोख पैसे. भांडण नाही, तंटा नाही. पण अख्खं घर कुणालाच मिळालं नाही. जुनं माळवद आता उतरणार, हेही ठरलं.

तेव्हाच मनात आलं, या घराचं चित्र पाचही जणांना द्यायचं. पेंटिंग केलं असतं तर पुन्हा तोच वाद: ओरिजिनल कुणाकडे आणि फोटोकॉपी कुणाकडे? प्रिंटमेकिंगमध्ये ही भानगडच नाही. ठशावरून हातानं छापलेली प्रत्येक प्रत ओरिजिनल. खाली पेन्सिलीनं १/५, २/५ असं लिहायचं. पहिला आकडा त्या प्रतीचा, दुसरा एकूण प्रतींचा. पाच वारस, पाच ओरिजिनल!

आता प्रश्न उरला तंत्राचा.

पहिला मोह लिथोग्राफीचा. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला, पुढे तो मळवलीला गेला आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. ती चित्रं लिथोची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, या साध्या गोष्टीवर हे सगळं तंत्र उभं आहे. पण त्यासाठी लागतो गुळगुळीत, वजनदार दगड आणि वर प्रेस. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाय बाय लिथो!

मग एचिंग. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईनं रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात बुडवायचा. केसासारखी बारीक रेघ हवी तर एचिंगला तोड नाही. पण भाड्याच्या वन बीएचकेत, जिथं भिंतीला खिळा मारायलाही घरमालकाची परवानगी लागते, तिथं नायट्रिक अॅसिड ठेवायचं? विषय संपला.

स्क्रीन प्रिंटिंग तर ओळखीचंच. कितीतरी लग्नपत्रिका अशाच छापल्या जातात. पोस्टर, टी-शर्ट करायचा असेल तर बेस्ट. पण दर वेळी स्क्रीन धुवायला भरपूर पाणी हवं, आणि आमच्याकडे नळाला पाणी येतं तासभर. वुडकट आवडलं होतं, पण लाकडाला रेषा असतात. त्या रेषांच्या आडवं कोरायचं म्हणजे हाताला चांगलाच व्यायाम.

उरलं लिनो. लिनोलियम मूळचं जमिनीवर अंथरायचं. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालं. त्यात असतं जवसाचं तेल, बुचाचा भुसा आणि मागं तागाचं कापड. जवस! म्हणजे ज्याच्या चटणीवर आम्ही मराठवाड्यातली पोरं वाढलो, तेच. शिवाय लिनोला रेषा नसतात, कुठल्याही दिशेला कोरा. थोडं उन्हात ठेवलं की मऊ पडतं. प्रेसही लागत नाही. रोलरनं शाई लावा, वर कागद ठेवा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घासा. चित्रकार चित्तप्रसाद यांनी मुंबईत अंधेरीला राहून याच माध्यमात कष्टकरी मुलांची जबरदस्त चित्रं केली.

सरावासाठी गावातल्या दगडी बारवेच्या पायऱ्या कोरल्या. एक पट्टा उजेड, एक पट्टा सावली. लिनोला हेच आवडतं.

पण एक किंमत मोजावी लागली. मला ओसरीवर बसलेली आजी हवी होती, तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसकट. लिनोत इतकी नाजूक रेघ टिकत नाही. ती एचिंगची कामगिरी. दोन रात्री विचार केला. शेवटी आजी ठेवली, पण नुसती काळी आकृती: डोक्यावर पदर, गुडघा वर घेऊन बसलेली. चेहरा नाही. तरी पाचही घरांत तिला लगेच ओळखलं. धाकटे काका प्रत हातात धरून एवढंच म्हणाले, “सगळ्यायला अख्खंच घर दिलंस की गं!”

म्हणून सांगते, कुठलं तंत्र भारी, हे विचारत बसू नका. तीनच प्रश्न विचारा. प्रती किती हव्यात? घरात जागा, पाणी, हवा किती आहे? आणि चित्रातली कुठली गोष्ट सोडायला मन तयार आहे? तिसऱ्याचं उत्तर मिळालं की बाकीचं आपोआप ठरतं.

आणि हो, दोन टिप्स. चित्र उलटं कोरायचं, छापल्यावर ते सुलटं येतं. कोरताना दुसरा हात कायम पात्याच्या मागे! सोमवारी की-बोर्ड बडवायला दहाही बोटं लागतात.