नवव्या रुग्णाची झोप

पी-व्हॅल्यू काढणे आता कोणालाच जड जात नाही. आकडे भरले की संगणक चार दशांशांपर्यंत उत्तर देतो. त्या दशांशांवर किती विसंबायचे हे मात्र अजून माणसालाच ठरवावे लागते, आणि नमुना लहान असला की तिथेच घोडे अडते. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ‘बायोमेट्रिका’त जो लेख लिहिला, त्यातलेच उदाहरण घेऊ. दहा रुग्ण, झोपेची दोन औषधे, आणि प्रत्येकाला दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा किती तास जास्त झोप लागली तो फरक: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. सरासरी १.५८, प्रमाण विचलन १.२३, टी ४.०६. नऊ डिग्रीज ऑफ फ्रीडमवर दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू ०.००२८ येते. हाच टी नॉर्मलच्या तक्त्यात पाहिला, तर ती पन्नास पटींहून लहान दिसते. दहा आकड्यांतून काढलेले विचलन स्वतःच डळमळीत असते आणि त्याची किंमत टी-वितरणाच्या जाड शेपटांत मोजावी लागते, एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

मला सोडत नाही तो नववा रुग्ण. त्याचा फरक ४.६ तासांचा, दुसऱ्या औषधाच्या बाजूने सगळ्यांत मोठा. तो वगळला तर पुरावा दुबळा व्हायला हवा. सरासरी १.२४ वर उतरतेही. पण विचलन १.२३ वरून ०.६६ वर येते, टी ५.६६ वर चढतो आणि पी-व्हॅल्यू ०.००१ च्याही खाली जाते. औषधाला सर्वाधिक अनुकूल असलेला माणूसच औषधाची बाजू कमजोर करत होता! लहान नमुन्यात पी-व्हॅल्यूवर हुकमत सरासरीइतकीच विखुरणीची असते, आणि ती विखुरण एका माणसाच्या हाती असू शकते. मग त्याला बाहेर काढावे का? आकडा मोठा आहे याखेरीज दुसरे कारण नसेल तर मुळीच नाही.

‘झोपेचे औषध झोप वाढवणारच, मग एकच बाजू का तपासू नये?’ असा आक्षेप नेहमी येतो. पहिल्या औषधाचे आकडे पाहा: दहापैकी चौघांची झोप कमीच झाली. तिथे टी १.३३, दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू ०.२२, एका बाजूची ०.११. ही निम्मी किंमत आकडे हाती येण्याआधी बाजू ठरवली असेल तरच मागता येते. निकाल बघून बाजू निवडणे ही लबाडी आहे, आणि हल्ली ती फार सहज खपते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: नेमका आकडा मिळत असताना तो का लपवायचा? लपवू नये. चार दशांश छापण्याचा मोह मलाही आहे. त्यांनी काम नेटके दिसते. पण फिशरच्या १९२५ च्या पुस्तकातला तक्ता वापरणारा नऊच्या ओळीत ३.२५० पाहून ‘०.०१ पेक्षा कमी’ एवढेच लिहीत असे, आणि दहा रुग्णांच्या जिवावर तेवढेच बोलणे शोभते. नमुना दहाचा असेल तर पी-व्हॅल्यूशेजारी ते दहाही आकडे छापा. नववा रुग्ण वाचकालाही दिसू द्या.