डावीकडच्या वळणावर

सियाचिनवर स्नो स्कूटर ही मौजेची वस्तू नाही. ती रेशन ओढते, रॉकेल ओढते आणि वेळ आली की स्लेजवर बांधलेला आजारी जवान खाली आणते. आमच्या कॅम्पवरची स्कूटर जुनी होती. टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं, बॅटरी नाहीच. मॅग्नेटो फिरला की एका कॉइलमधून ठिणगीची वीज, दुसरीतून दिव्याची.

मी तेव्हा कॅप्टन होतो. एनडीएतून बाहेर पडून सहा-सात वर्षं झाली होती. आपल्याला सगळं समजतं असं वाटण्याचा तो काळ.

एका संध्याकाळी वरच्या पोस्टवरून निरोप आला. एका जवानाचा खोकला वाढला होता, आडवं झालं की दम लागत होता, थुंकी गुलाबी. तिथं राहून आलेल्यांना ही लक्षणं समजावून सांगायला नकोत. ऑक्सिजन लावला होता, पण खरा इलाज म्हणजे खाली आणणं. अंधार पडलेला, हेलिकॉप्टर सकाळीच मिळणार. पोस्टची मंडळी त्याला घेऊन उतरायला लागली. अर्ध्या वाटेवर आमची स्कूटर पोहोचायची होती.

ड्रायव्हर निघाला आणि शंभर मीटरवर, कॅम्पच्या वळणालाच, स्कूटर बंद पडली. मी धावत गेलो. गढवाली पोरगा, म्हणाला, "साब, लेफ्ट मोड़ पे बंद हुई।" माझ्या कानावर पडलं, पण मी ऐकलं नाही. चोक जास्त दिला असशील, म्हणून त्यालाच झापलं.

प्लग काढला, इंजिनला टेकवून दोरी ओढायला लावली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला. नाही. मग ठरवलं, सीडीआय गेला. स्पेअर एकच होता. उणे २० च्या आसपास, हातमोजे अर्धा-अर्धा मिनिट काढत तो बदलला. तरी ठिणगी नाही. आता मॅग्नेटोच उघडायचा म्हणजे फ्लायव्हील काढायला हवं, आणि ते बर्फात रात्री होणारं काम नव्हे. ४० मिनिटं गेली होती.

ईएमईचा हवालदार डोकं दुखतंय म्हणून पडून होता. साताऱ्याकडचा. उठून आला. स्कूटरकडे न बघता त्यानं ड्रायव्हरला विचारलं, झटक्यात बंद पडली की घरघरत? झटक्यात. म्हणजे पेट्रोल नाही, वीज. कुठं? डावीकडे वळताना. त्यानं बॉनेट उघडलं, किल स्विचचा कनेक्टर सोडवला आणि म्हणाला, "ओढ."

निळी ठिणगी पडली.

किल स्विच दाबला की ठिणगीची वीज अर्थ होते, म्हणून इंजिन थांबतं. त्या वायरचं आवरण थंडीनं कडक होऊन तडकलं होतं आणि स्टिअरिंगच्या दांड्यापाशी तांबं उघडं पडलं होतं. हँडल डावीकडे वळलं की तांबं लोखंडाला टेकायचं. आणि इतका वेळ आम्ही दोरी ओढत होतो तेव्हा हँडल डावीकडेच वळलेलं होतं.

मी म्हणालो, "कनेक्टर सुटाच राहू दे, निघू दे त्याला."

"नको साहेब. अ‍ॅक्सिलरेटरची केबल गोठून अडकली तर थांबायला तेवढाच आधार."

त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशातून टेप काढला. गार टेप चिकटत नाही, म्हणून तो नेहमी अंगाशी ठेवायचा. वायर गुंडाळली, दांड्यापासून दूर बांधली, हँडल दोन्हीकडे पुरतं वळवून इंजिन चालतंय ना ते पाहिलं. सात-आठ मिनिटं लागली असतील. स्कूटर गेली. जवान पहाटेपूर्वी खाली आला आणि सकाळी हेलिकॉप्टरनं गेला. वाचला.

पुढं मी ड्रायव्हरची माफी मागितली. तो लाजून "कोई बात नहीं साब" म्हणाला. तेव्हापासून गाडी असो, जनरेटर असो की माणसांमधली कुरबुर, पाना हातात घेण्याआधी ज्याच्या हातून ते बंद पडलं त्याला विचारतो, नेमकं काय झालं? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प बसतो.

लॉगबुकात हवालदारानं लिहिलं, किल स्विचची वायर घासली, दुरुस्त. माझ्या ४० मिनिटांची नोंद त्यात नाही. म्हणून ती इथं केली.